नाव घेऊन प्रार्थना

पांढुर्णा
८ मार्च २०२५

प्रिय कमल,
सलाम.

पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळे सुखरूप आहेत. मी मोबाइल सोडलाय. कायमचा नाही, ईस्टरपर्यंत. तुला माहीतच आहे, राखेच्या बुधवारी आमचा उपासकाळ लागतो आणि प्रत्येकाने आपली एक आवडती गोष्ट सोडायची असते. गेल्या वर्षी मी गोड सोडलं होतं आणि दुसऱ्याच आठवड्यात तुझ्या घरी बसून पुरणपोळी खाल्ली, हे तू अर्ध्या सौसरला सांगितलंस. या वर्षी चर्चच्या बैठकीत मंडळीतले वडीलधारे भाऊरावजी सगळ्यांसमोर म्हणाले, "नलिनीबाई, तुम्ही तो मोबाइल सोडून दाखवा, मंग मानतो." आता चार बायांपुढे असं म्हटल्यावर काय करणार? सोडला. स्वतः त्यांनी चहा सोडला आणि आता दिवसभर कॉफी पितात.

तुला फोन केला नाही तर माझं पोट दुखतं, म्हणून हे पत्र. शाळेत एका बाकावर बसून आपण चिठ्ठ्या लिहायचो, तसंच समज.

मोठी बातमी अशी की आमचं चर्च यंदा लेकरांसाठी उभं राहणार आहे. घरात, शाळेत, शिकवणीत लेकरांना जी मारझोड होते, तिच्याविरुद्ध. वरून पत्रक आलं की प्रत्येक मंडळीने काहीतरी करावं. आमची मंडळी केवढी, तुला ठाऊक आहे, लग्नाच्या एका पंगतीत बसेल. पण उत्साह बघ! ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी मोठा कार्यक्रम, पथनाट्य, फेरी. भाऊरावजींनी दोन भोंग्यांचा लाऊडस्पीकर दिला. मी सचिव झाले. आणि समितीचा अध्यक्ष कोण, सांग? त्यांचा मुलगा वैभव! तोच, जो बोरगावच्या कारखान्यात लागला आणि डिसेंबरात तुझ्या शेजारी राहायला आला. त्याने काल भाषण केलं, "लेकरू म्हणजे देवाची ठेव." मी रुमाल काढला. पेटीवाल्या शुभमनेसुद्धा काढला.

तू एकदा त्याच्याकडे जाऊन ये. त्याची बायको शीतल मोकळी पोरगी आहे, आणि चंचल नावाची मुलगी आहे, चौथीत. तुझ्या गुडघ्यांना शेजार बरा मिळाला.

तुझी,
नलू


सौसर
१४ मार्च, धुळवड

नलू,
जय भीम.

तुझं पत्र घेऊन पोस्टमन आला आणि दारातच घाबऱ्या आवाजात विचारू लागला, "काकू, कोनी वारलं का?" मी म्हटलं, नाही, एका बाईने फोन सोडलाय. तो म्हणाला, "मंग तेच झालं."

पुरणपोळ्या तू खाल्ल्या होत्यास आणि वर दूध मागितलं होतंस, हेही मी सांगितलंय. असो.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आमचे सुखदेव म्हणाले, दुसऱ्याच्या घरातलं आपण काऊन सांगावं? मी म्हटलं, दुसऱ्याचं घर राहिलंय कुठे? आमच्या दोघांची भिंत एकच आहे. तिकडे कोणी शिंकलं तर इकडे सुखदेव रुमाल काढतात.

तर ऐक. तुझा अध्यक्ष पोरीला मारतो.

चापट नाही, नलू. चापटी आपणही खाल्ल्या. हे वेगळं आहे. भागाकार चुकला म्हणून. दूध उतू गेलं म्हणून. वायरीचा आवाज कसा येतो ते मला आता कळायला लागलंय. आणि ती पोर रडत नाही. आधी आवाज येतो, मग टीव्ही मोठा होतो. परवा मला राहवलं नाही, मी बत्ता घेऊन भिंत ठोकली. सकाळी तो नळावर भेटला, छान हसला आणि म्हणाला, "काकू, मसाला कुटून राहिल्या होत्या का? भिंतीवर नका कुटू, पोपडे पडतात."

माणूस बोलायला गोड आहे, हे मी मान्य करते. रुमाल मीही काढला असता.

तुमच्या चर्चने लेकरांसाठी उभं राहायचं ठरवलं ना? मग उभं राहा. लांब जायचं काम नाही.

कमल


पांढुर्णा
१९ मार्च

प्रिय कमल,

तुझं पत्र वाचून मी आधी घाबरले आणि मग पोट धरून हसले. अगं, ती नाटकाची तालीम आहे! आमच्या पथनाट्यात दारूडा बाप आहे, तो पोरीला मारतो, आणि तो बाप वैभव करतो. घरी सराव करतो असं त्यानेच परवा सांगितलं. मी भाऊरावजींना आडून विचारलं, वैभव फार तापट आहे का हो? ते खो खो हसले. म्हणाले, "बाई, त्यानं लहानपनी मुंगी मारली नाही. म्या एक आवाज देला का पोट्टं अंगनातच थरथर करे." बघ, इतका गरीब पोरगा. तुझे कान तिखट आहेत, पण या वेळी चुकले.

आता माझी गंमत ऐक, म्हणजे मला मोबाइल नसल्याचं दुःख तुला कळेल, कारण ही फोनवर सांगायची गोष्ट होती.

आमच्यात प्रार्थना तोंडाने करतात, पुस्तकातून नाही. आणि ज्याच्यासाठी करायची त्याचं नाव, गाव, अडचण सगळं देवाला नीट सांगावं लागतं. रविवारी वैभवने भोंगा लावून पाहिला आणि बटण तसंच ठेवून सौसरला गेला. संध्याकाळी प्रार्थनासभेत मी उभी राहिले. डोळे मिटलेले. मला काय माहीत की माझा आवाज बाजारापर्यंत चाललाय? मी आपली म्हणतेय, "हे बापा, बस स्टँडामागे शिकवणी घेणाऱ्या मोरेश्वरला सांभाळ. तो पोट्ट्यांचे कान पिरगाळतो, आणि एका पोराच्या कानातून पाणी येतं, आणि फी मात्र आगाऊ घेतो. त्याचा हात आवर, प्रभू. त्याच्या आईलाही तो जुमानत नाही, हे तुला ठाऊकच आहे." बाजारात म्हणे भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले.

सकाळी मोरेश्वर दारात. लाल झालेला. "तुमी लोकं माह्यं धर्मांतर करून राहिले का?" मी म्हटलं, "बाबा, तुझा धर्म तुझ्याजवळच राहू दे. पोट्ट्याचा कान तेवढा सोड." मग तो ठाण्यात गेला. तिथल्या साहेबांनी विचारलं, तक्रार काय? हा म्हणाला, माझ्यासाठी प्रार्थना केली. साहेब म्हणाले, मग वाईट काय केलं? आणि त्या पोराच्या कानाचं काय आहे, ते बस इथं आणि सांग. तेव्हापासून तो शिकवणीत दोन्ही हात खिशात घालून शिकवतो. फळ्यावर लिहायची पंचाईत होते, असं पोरं सांगतात.

आणि कमल, आता गल्लीतल्या बाया संध्याकाळी माझ्या शिलाईच्या मशीनपाशी येऊन बसतात. ब्लाउज शिवायला नाही, नावं द्यायला! संत्र्याच्या बागेवाल्यांची तृप्ती आली, म्हणाली, "काकू, आमच्या बापूजींचं नाव घ्या ना. नातवाले काठीनं मारतात." मी म्हटलं, अगं, तुम्ही तर जामसांवलीच्या मारुतीला जाणारे. ती म्हणाली, "मारुतीले सांगून झालं. पन त्याच्याजवळ भोंगा तुमच्यासारखा नाव घेऊन नाई वाजत." दुसऱ्या दिवशी बापूजी स्वतः आले, काठी माझ्या दाराला टेकवून ठेवून गेले आणि म्हणाले, "हे घ्या, पन नाव नका घेऊ." आता ते बिचारे काठीवाचून लंगडत फिरतात. परत करते उद्या.

देवाने आमच्या छोट्या मंडळीला केवढं काम दिलं!

तुझी,
नलू


सौसर
२६ मार्च

नलू,

बापूजींची काठी आधी परत कर. म्हातारा पडला तर ते पाप तुझ्या खात्यात.

मोरेश्वरचं वाचून सुखदेव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गंभीर होऊन म्हणाले, नलिनीबाईंना लिही, माझं नाव कधी कुठे घेऊ नका, चांगल्या कामासाठीसुद्धा.

तालमीचं म्हणशील तर, तुमच्या नाटकात बाप जर वायर वापरत असेल आणि पोरीचा भागाकार तपासत असेल तर तालीम चांगली चाललीय. चंचल सोमवारी विरजण मागायला आली. ऊन असं की आमचं मांजर पाण्याच्या माठाला चिकटून बसलं होतं, आणि पोर स्वेटर घालून. मी म्हटलं, गरम नाही का होत? ती म्हणाली, "नाई आजी." वाटी धरताना बाही वर गेली. मी पाहिलं. तिने मी पाहिलेलं पाहिलं. आणि तुला सांगते नलू, ती मलाच समजवायला लागली. "पप्पा चांगले हायेत आजी. मीच उत्तर चुकवते."

मी विरजण दिलं, सोबत गुळाचा खडा दिला, आणि ती गेल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मग सुखदेवना पाठवलं, पुरुषाने पुरुषाशी बोलावं म्हणून. अर्ध्या तासाने परत आले. हातात तुमच्या समितीचं पत्रक, "लेकरांना मारू नका", वर वैभवचा फोटो. चहा पाजला म्हणे आणि विषयच निघू दिला नाही. वरून विचारलं, "काकाजी, तुमच्या भागात वाटायले अजून देऊ का?"

एक सांगते, राग मानू नकोस. मोरेश्वरचं नाव तू घेतलंस, चुकून का होईना. तो तुमच्या बाकावर बसत नाही, तुम्हाला भोंगे देत नाही. तुमच्यातल्या माणसाचं नाव घेता येतं का, ते बघ. फक्त पोरीचं नाव मात्र तोंडातून निघू देऊ नकोस. तिला शाळेत जायचंय.

कमल


पांढुर्णा
४ एप्रिल

कमल,

तुझे कान चुकले नव्हते. मला माफ कर.

रविवारी वैभव सगळ्यांना घेऊन इथे आला, चर्चमध्ये तालीम ठेवली होती. चंचल पहिल्या बाकावर बसली होती, तू लिहिलेल्या त्याच स्वेटरमध्ये. नाटकातला बाप आला, झोकांड्या खाल्ल्या, सगळे हसले. मग त्याने नाटकातल्या पोरीवर हात उगारला. काम इतकं छान केलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात. आणि सहज पाहिलं तर चंचलने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं आणि ती बाकाखाली सरकत होती. हळूच. कोणाला त्रास होऊ नये अशी.

मला शिवणकामाशिवाय फारसं काही कळत नाही, पण एवढं कळतं.

मी भाऊरावजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी खाली ठेवली. मग म्हणाले, "लोकं जळतात त्याच्यावर. शेजारीन काई बी ऐकते. आन असंन बी थोडंफार, त घरातली गोष्ट हाय बाई. आपन प्रार्थना करू. मनातल्या मनात."

दुसऱ्याच दिवशी समितीची बैठक झाली आणि ठराव पास झाला. परक्यांसाठी प्रार्थना नाव घेऊन, मंडळीतल्या सभासदांसाठी मनातल्या मनात. मी म्हटलं, देव दोन्ही सारखंच ऐकतो, मग भोंगा कशाला? पाळकसाहेब म्हणाले, शिस्त म्हणून. सूचक वैभव. ठरावाविरुद्ध एकच हात वर गेला, तो माझा. तेव्हा वैभव माझ्याकडे बघून छान हसला, तू लिहिलंस तसा.

कमल, मला भीती वाटते. मी एकटी बाई. नवरा गेला तेव्हा याच मंडळीने मला उचलून धरलं, माझी पहिली मशीन भाऊरावजींनीच आणून दिली. यांच्याविरुद्ध बोलले तर मला बाक उरणार नाही. आणि नाही बोलले तर ते पोर बाकाखाली सरकतच राहील. झावळ्यांच्या रविवारची शेवटची प्रार्थना सचिव म्हणून माझ्याकडे आहे. काय करू, ते लिही. लवकर लिही.

नलू


सौसर
८ एप्रिल

नलू,

बाक गेला तर माझ्याकडे पलंग आहे. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

मी स्वतः आले असते, पण यंदा कॅलेंडरनेच घोळ घातलाय. शनिवारी हनुमान जयंती, जामसांवलीचा सगळा रस्ता माणसांनी भरणार. रविवारी तुमच्या झावळ्या. सोमवारी आमची जयंती. बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि माझे गुडघे उभं राहू देत नाहीत. सुखदेव निळे झेंडे बांबूला बांधून राहिलेत. बँडवाला एकच आहे आणि त्याने शनिवारी, रविवारी, सोमवारी तिघांना होकार दिलाय. तो काय वाजवेल ते त्यालाच माहीत.

काल गच्चीवर कपडे वाळत घालताना शीतल भेटली. मी काही विचारलं नाही, फक्त तिच्या बादलीतली एक चादर पिळू लागले. मग तीच बोलली. "आजी, मी मंधात पडली का मलेच मारते. ह्यांले कोनाचीच लाज नाई वाटत. पाळकसाहेबाची नाई, पोलिसाची नाई. फक्त आपल्या बाबाची वाटते. आन बाबाले कोन सांगन?" मी म्हटलं, सांगितलंय, ते मानत नाहीत. ती म्हणाली, "सांगून नाई मानत ते. डोयानं पाहिलं, कानानं ऐकलं, त मानतीन."

तेव्हा तुला वैभवला सुधारायचं नाही, गावाला ऐकवायचंही नाही. त्या एका म्हाताऱ्याच्या कानापर्यंत पोचायचंय. एवढंच डोक्यात ठेव.

आणि रविवारी जेवून जा. उपाशीपोटी तुझा आवाज जातो.

कमल


पांढुर्णा
१४ एप्रिल

प्रिय कमल,
जयंतीचा जय भीम.

झालं. कसं झालं ते क्रमाने सांगते.

सकाळी शिंदीच्या झावळ्या घेऊन फेरी निघाली. बँडवाल्याने शनिवारचीच भजनं वाजवली. लेकरांनी त्याच चालीवर होसान्ना म्हटलं आणि खरं सांगते, बरं जमलं. नाटक झालं. वैभवचं काम सगळ्यांना आवडलं. मी चंचलला आधीच महिला मंडळातल्या एका बाईबरोबर मागच्या खोलीत सरबत करायला पाठवलं होतं.

मग माझी प्रार्थना. माइक वैभवच धरून उभा होता, अध्यक्ष म्हणून. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. भोंगा चालू होता, या वेळी मला माहीत होतं. मी म्हटलं, "हे बापा, परक्यांची नावं आम्ही मोठ्याने घेतली. आपल्यातल्यांसाठी मनातल्या मनात प्रार्थना करायची असं आम्ही ठरवलं. मला ते जमत नाही, क्षमा कर. ज्याचा हात घरच्या लेकरावर उठतो, असा एक माणूस आज याच छपराखाली आहे. तू त्याला ओळखतोस. मी त्याचं नाव घेते..."

आणि कमल, तिथंच मी थांबले. ठरवून नाही गं, कोणाला वाटेल मी डाव टाकला. मी जेवले होते, तरीसुद्धा आवाज गेला. मशीन डोळ्यापुढे आली, भाऊरावजी डोळ्यापुढे आले.

तर त्या शांततेत एकदम, माझ्या कानाशी, माइकमध्ये, "आमेन!"

वैभव. आमेन म्हटलं की प्रार्थना संपली, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. पण प्रार्थना करणाऱ्याआधी कोणी म्हणत नाही. आणि तो थांबला, तोवर तिसऱ्या बाकावरून, "आमेन!" पेटीवाला शुभम. मग बायकांच्या बाजूने, बारीक आवाजात, "आमेन." रविवारच्या शाळेची सुचिता! जिच्या हाती आम्ही सगळी लेकरं सोपवतो. मग पाळकसाहेबांचंही आमेन आलं. ते घाईने आलं की सवयीने आलं, त्यावर महिला मंडळात आज सकाळपासून दोन तट आहेत. आणि हे कमी होतं म्हणून खिडकीतून मोरेश्वर ओरडला, बाहेरच्या पानठेल्यावर उभा राहून ऐकत होता मेला, "म्या त कान धरनं सोडलं ना बाई! मी नाई थो!"

डोळे सगळ्यांचे मिटलेले होते. पण आमची मंडळी केवढी! कोणाचा आवाज कोणाचा, हे सांगावं लागत नाही. कोणी हसलं नाही.

मी डोळे उघडले. आणखी एकाच माणसाचे डोळे उघडे होते. भाऊरावजींचे. ते मुलाकडे बघत होते. वैभवच्या हातातला माइक थरथरत होता आणि भोंग्यातून त्याचा श्वास सगळ्या बाजाराला ऐकू येत होता. मी नाव घेतलं नाही, कमल. घ्यावं लागलंच नाही.

नंतर भाऊरावजी मागच्या खोलीत गेले. चंचल लिंबं पिळत होती. ते तिच्याजवळ खाली बसले, जमिनीवर, मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नाही. विचारलं, "आजोबानं तुह्या घरी राहायले यावं का?" पोरीने विचार केला आणि म्हणाली, "पप्पाले राग येत नसन त या." म्हाताऱ्याने तिच्या हातातलं लिंबू घेतलं आणि स्वतः पिळत बसले. रस पेल्यात पडत होता की बाहेर, तेही त्यांना कळत नव्हतं. संध्याकाळी पिशवीत दोन धोतरं टाकून ते त्यांच्याबरोबरच सौसरच्या बसमध्ये बसले. वैभव एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला, मध्ये शीतल आणि पोर.

माझ्याशी बोलले नाहीत. माझा बाक आहे की गेला, ते रविवारी कळेल. पण मला आता त्याचं काही वाटत नाही. तुझ्या भिंतीपलीकडे काय चाललंय, तेवढं कळव. मला इथून काहीच ऐकू येत नाही.

तुझी,
नलू


सौसर
२१ एप्रिल

नलू,
ईस्टरच्या तुला शुभेच्छा. आता मोबाइल धरशील, पण हे मला फोनवर सांगायचं नाही. फोनवर तू मध्ये बोलतेस.

तुझे भाऊरावजी आले. समोरच्या खोलीच्या मधोमध खाट टाकली, जाता-येता प्रत्येकाला वळसा घालावा लागतो. पहिल्याच सकाळी ते माझ्या दारात आले. म्हणाले, "तुमीच का त्या तिखट कानाच्या बाई?" मी म्हटलं, मीच. मग उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "मी त्याले कदी मारलं नाही. पन मी अंगनात उभा राहिलो का तो थरथरे, आन मले ते आवडे." मी चहा केला. त्यांनी घेतला, कॉफी मागितली नाही.

मुलाला त्यांनी काय सांगितलं, ते भिंतीने मला सांगितलं. आवाज चढवला नाही. "तुह्या समितीच्या पत्रकावर मदतीचा नंबर छापला हाय. पुन्हा हात उठला त तो नंबर मी लावीन, तुह्या बापानं. आन पत्रक तूच वाचून दाखवशीन साहेबाले." वैभवने अध्यक्षपद सोडलं, हे तुला तिकडे कळलंच असेल. दर शनिवारी छिंदवाड्याला एका डॉक्टरकडे जायचं कबूल केलंय. रागाचाही डॉक्टर असतो म्हणे. तू लगेच रुमाल काढू नकोस. माणूस आठवड्यात बदलत नाही, आणि मी काही भिंतीपासून हलणार नाही. शीतलला माझ्या घराची एक किल्ली देऊन ठेवलीय.

संध्याकाळी आजोबा नातीला गणित शिकवायला बसतात. त्यांचा भागाकार जुन्या पद्धतीचा, तिचा नव्या पद्धतीचा. उत्तर दोघांचं वेगळं येतं.

आता आजचं सांगते. दुपारी मी भांडी घासत होते. भाऊरावजी बाजारात गेले होते, हे मला माहीत होतं, आणि वैभवला सुट्टी, हेही माहीत होतं. तिकडे धाडकन आवाज झाला. काचेचा. मोठी बरणी असणार, लोणच्याचा वास इकडे आला. आणि मग एकदम सगळं शांत.

मी हात तसेच ओले घेऊन भिंतीपाशी गेले. सुखदेवही उठून आले. तिकडे वैभवच्या पायांचा आवाज आला. मग त्याचा आवाज, मोठा. "चंचल!"

आम्ही दोघं श्वास धरून उभे.

आणि पोर ओरडली, नलू. रडली नाही, ओरडली. "माह्यावर नका चिल्लावू! बरनी खाली कोनं ठेवली होती? तुमीच ठेवली होती! मी म्हनलं होतं, वरतं ठेवा म्हनून!"

मग तो म्हणाला, "हाव. मीच ठेवली होती." मग झाडू फिरल्याचा आवाज आला, काचा गोळा झाल्याचा आवाज आला, आणि मध्ये मध्ये ती सांगत होती, तिकडे राहिली, पलंगाखाली बघा, नीट झाडा.

सुखदेव विचारून राहिलेत, आता रडायला काय झालं? मी म्हटलं, शेजारची पोरगी बापाला उलट बोलली.

फार उद्धट आवाज आहे तिचा. भांडी तशीच टाकून मी तो संपेपर्यंत ऐकत बसले.

कमल